पाळकाचा पुत्र आणि हिमप्रदेशातील रीती : क्नूद रासमुसेन यांचे चरित्र

पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळ ग्रीनलंड नावाचे अति विस्तीर्ण बेट आहे. त्याचा बहुतेक भाग बारमाही बर्फाखाली दडलेला असून मनुष्यवस्ती काय ती किनाऱ्याच्या अरुंद पट्टीवर. उत्तरेकडील भागात शेत नाही, रान नाही. हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्याचे दर्शन नाही. सील, वॉलरस व देवमासा हे समुद्रातील प्राणी मारावे, त्यांचे मांस खावे, कातडे पांघरावे आणि त्यांच्याच चरबीचा दिवा दगडी पणतीत लावून घर उबदार ठेवावे, असा तेथील मूळ लोकांचा प्राचीन संसार. ह्या लोकांस बाहेरचे जग पूर्वी एस्किमो म्हणत असे. ते स्वतःस इनुइट, म्हणजे माणसे, असे म्हणवितात, आणि आता इतरांनीही तेच नाव स्वीकारले आहे.

ह्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर याकोब्सहाव्न नावाचे गाव होते; आज त्यास इलुलिसात म्हणतात. तेथील पाळकाच्या घरी ७ जून १८७९ रोजी क्नूद रासमुसेन ह्याचा जन्म झाला. वडील क्रिस्तियान रासमुसेन हे डेन्मार्कचे मिशनरी. त्यांनी तेथील भाषेचा कसून अभ्यास केला होता, तिचे व्याकरण लिहिले होते. आई लोविसे हिच्या अंगात इनुइट रक्त होते. त्यामुळे मुलाच्या कानी दोन भाषा एकदमच पडल्या, आणि खेळगडी म्हणून मिळाली ती शिकाऱ्यांची मुले. कुत्र्यांची घसरगाडी हाकणे तो बालपणीच शिकला, आणि ही विद्या पुढे त्यास सर्व शाळांहून अधिक उपयोगी पडली.

येथे मागचा थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. हान्स एगेडे हा नॉर्वेचा पाळक १७२१ साली ग्रीनलंडात उतरला, तेव्हापासून तेथे सुवार्तेचे कार्य चालू झाले. क्नूदच्या जन्मापर्यंत पश्चिम किनाऱ्यावरील लोक पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती होते. त्यांना लिहितावाचता येत होते, उपासना त्यांच्याच भाषेत होत होती. परंतु ह्या दीडशे वर्षांत जुन्या गोष्टींपैकी पुष्कळशा नाहीशा झाल्या होत्या. अंगाकोक, म्हणजे आपल्याकडे ज्यास भगत किंवा देवऋषी म्हणतात तसा मनुष्य, त्या किनाऱ्यावर उरला नव्हता. त्याच्याबरोबर डफही गेला होता. हा डफ केवळ भुते बोलावण्याकरिता वाजवीत असे नव्हे. दोघांत भांडण झाले तर ते दोघे लोकांसमक्ष डफ घेऊन उभे राहात आणि एकमेकांची उणी गाण्यात गात. जमलेले लोक ज्याच्यावर हसत तो हरला, आणि तंटा तेथेच मिटला. ज्या देशात न्यायाधीश नाही, शिपाई नाही, तेथे ही रीत रक्तपात टाळणारी होती. आरंभीच्या मिशनऱ्यांनी डफ सैतानाचा म्हणून बंद केला, तेव्हा त्याबरोबर हेही गेले. दोहोंतील भेद त्यांनी पाहिला असता तर बरे झाले असते, असे मला वाटते.

बाळ क्नूद ह्यास मात्र जुन्या जगाचा वास म्हाताऱ्या बायांच्या गोष्टींतून लागला होता. फार दूर उत्तरेस, जेथे पृथ्वी संपते, तेथे अस्वलाचे कातडे पांघरणारे व सुवार्ता न ऐकलेले लोक राहतात, असे त्या सांगत. त्या लोकांना आपण एके दिवशी भेटावयाचे, असे त्याच्या मनाने घेतले.

पुढे शिक्षणासाठी तो डेन्मार्कास गेला. तेथे त्याने नट व गायक होण्याची खटपट केली, ती फसली. वडिलांप्रमाणे पाळकही तो झाला नाही. अखेर १९०२ साली लेखक म्युलियुस-एरिक्सेन, चित्रकार हाराल्ड मोल्टके आणि आपला ग्रीनलंडवासी बालमित्र यर्गेन ब्रनलुंड ह्यांच्याबरोबर तो उत्तरेच्या वाटेस लागला. केप यॉर्कच्या भागात सुमारे दोनशे माणसांची एक जमात राहात होती. गोष्टींतले ते लोक हेच. त्यांनी ह्या तरुणाचे बोलणे ऐकले आणि तो परका नव्हे हे ओळखले. १९०४ पर्यंत चाललेल्या ह्या प्रवासावर त्याने ग्रंथ लिहिला आणि त्याचे नाव देशोदेशी झाले.

आता ह्या तरुणास आपणही आदराने संबोधू, कारण येथून त्यांच्या खऱ्या कार्यास आरंभ होतो.

१९०९ साली ह्या उत्तरेकडील जमातीत मिशन सुरू झाले. तेथे गेलेले पाळक गुस्ताव ओल्सेन हे स्वतः ग्रीनलंडवासी होते. दुसऱ्याच वर्षी, १९१० मध्ये, रासमुसेन व त्यांचे मित्र पीटर फ्रॉइखन ह्यांनी त्याच ठिकाणी दुकान उघडले आणि त्या जागेस थूल असे नाव दिले. शिकाऱ्यांनी कोल्ह्यांची कातडी आणावी आणि त्याबदली बंदुका, सुया, लाकूड, भांडी न्यावी. ह्या व्यापाराच्या नफ्यातून रासमुसेन ह्यांनी १९१२ पासून १९३३ पर्यंत सात मोहिमा काढल्या, त्या थूलच्या मोहिमा म्हणून प्रसिद्ध आहेत. सर्वच सुखरूप झाल्या असे नाही. दुसऱ्या मोहिमेत स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ थोरिल्ड वुल्फ उपासमारीने मेले आणि ग्रीनलंडवासी हेंड्रिक ओल्सेन परत आलेच नाहीत. हे दुःख रासमुसेन ह्यांना जन्मभर राहिले असल्यास नवल नाही.

सर्वांत मोठी ती पाचवी मोहीम, १९२१ ते १९२४. ग्रीनलंडापासून कॅनडाचा सारा उत्तर किनारा ओलांडून अलास्कापर्यंत जावे, वाटेतील प्रत्येक इनुइट जमातीत राहावे, आणि त्यांच्या श्रद्धा, गाणी, कथा व चालीरीती त्यांच्याच तोंडून उतरून घ्याव्या, असा बेत होता. मोहिमेत डेन्मार्कचे विद्वान होते, तसे थूलचे शिकारीही होते. त्यांपैकी इग्गियांगुआक हा निघण्यापूर्वीच इन्फ्लुएन्झाने वारला. त्याची तरुण विधवा अर्नारुलुंगुआक हिने परत न फिरता पुढे जाण्याचे ठरविले. तिने व तिच्या कावीगार्सुआक नामक आप्ताने रासमुसेन ह्यांच्याबरोबर पॅसिफिकपर्यंत मजल मारली. बाईने कातडी शिवली नसती, जोडे सुकविले नसते, तर कोणीही पुरुष त्या थंडीत आठवडाभर जगला नसता. मोहिमेचे यश सांगताना तिचे नाव पुष्कळदा मागे राहते. म्हणून ते येथे मुद्दाम लिहिले.

रासमुसेन ह्यांची पद्धत साधी होती. ते पाहुणे म्हणून बर्फाच्या घरात उतरत, जे पुढे येईल ते खात, कुत्र्यांची, शिकारीची, आपल्या देशाची हकीकत सांगत, आणि मग ऐकत. ग्रीनलंडात आईच्या मांडीवर शिकलेली भाषा हजारो मैलांवर, थोड्याबहुत फरकाने, समजत असे. दुभाष्या मध्ये नाही, तेव्हा माणूस मोकळा होतो. ज्यांनी परभाषेत सेवा केली आहे त्यांना ह्याचे मोल सांगावयास नको.

१९२२ च्या हिवाळ्यात लायन इनलेट नामक आखाताच्या काठी त्यांची औआ ह्यांच्याशी गाठ पडली. औआ हे इग्लुलिक लोकांतील नावाजलेले अंगाकोक, आणि त्यांची पत्नी ओरुलो. त्यांच्या घरात रासमुसेन ह्यांनी पुष्कळ दिवस काढले. ओरुलो हिने आपल्या जन्मापासूनची सारी हकीकत सांगितली. उपास, भटकंती, मरणे, लग्ने सर्व काही. सांगून संपले तेव्हा ती रडू लागली. दुःखाने नव्हे, गोष्ट सांगता सांगता ती पुन्हा लहान मूल झाली होती आणि तो आनंद तिला आवरेना.

औआ ह्यांनी लोकांच्या पाळणुका समजावून दिल्या. त्या असंख्य होत्या. वॉलरसचे मांस आणि कॅरिबू नावाच्या हरणाचे मांस एका दिवशी खाऊ नये. समुद्रावर शिकार चालू असता नव्या हरणकातड्याचे कपडे शिवू नयेत. मारलेल्या सीलच्या तोंडात गोड पाणी घालावे, कारण तो खाऱ्या पाण्यात राहून तहानलेला असतो. गर्भपात झालेल्या स्त्रीने तो लपवू नये, आणि अमुक काळ अमुक वस्तूंस शिवू नये. ह्या सर्वांच्या मुळाशी समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका स्त्रीची कथा आहे. तिच्या बापाने तिला होडीतून पाण्यात लोटले, ती होडीची कड धरून राहिली तेव्हा त्याने तिची बोटे तोडली, आणि त्या बोटांचे सील व इतर जलचर झाले. त्या सर्वांवर तिची सत्ता. माणसे पाळणूक मोडतात तेव्हा तो मळ तिच्या केसांत साचतो, ती रागावते आणि प्राण्यांना कोंडून ठेवते. मग लोक अंधाऱ्या घरात जमतात, अंगाकोक ध्यान लावून समुद्राच्या तळाशी जातो, तिचे केस विंचरून तिला शांत करतो. तो परत आला की घरातील प्रत्येकाने आपला गुप्त अपराध सर्वांसमोर कबूल करावयाचा. एखादी बाई रडत रडत आपला लपविलेला गर्भपात सांगते, आणि लोक तिच्यावर रागावण्याऐवजी आनंद करतात, कारण दोष सापडला, आता अन्न मिळेल. ही कबुली वाचताना माझ्या मनात पुष्कळ विचार आले. पाप लपविल्याने सर्वांचे नुकसान होते हे त्या लोकांस ठाऊक होते. पण दुखणाईत बाईच्या दुर्दैवालाच पाप मानण्यापर्यंत ती समजूत गेली होती, हेही खरे.

रासमुसेन प्रत्येक नियमाचे कारण विचारीत. असे का, तसे का? औआ ह्यांना नियम सारे पाठ होते, कारण सांगता येईना. एके संध्याकाळी त्यांनी पाहुण्यास हाताला धरून बाहेर नेले. वाऱ्याने बर्फाचा भुगा जमिनीवरून लोटत होता. दिवसभर सीलच्या श्वासछिद्राशी थिजून बसलेले शिकारी रिकाम्या हातांनी परतत होते. औआ ह्यांनी विचारले की, असे का व्हावे? मग ते त्यांना शेजारच्या घरात घेऊन गेले. तेथे चरबी संपत आल्याने दिवा मिणमिणत होता आणि मुले कातड्यांखाली कुडकुडत होती. त्यांनी काय केले होते, की त्यांच्या वाट्यास हे यावे? शेवटी ते आपल्या बहिणीच्या घरी गेले. ती दुखण्याने अंथरुणास खिळली होती. तिने जन्मभर कोणाचे वाईट केले नव्हते. तिनेच का सोसावे?

पाहुण्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा औआ ह्यांनी त्यांना समजाविले की, जगण्याचे कारण विचारले असता जसे तुम्हांस सांगता येत नाही, तसे पाळणुकांचे कारण आम्हांसही सांगता येत नाही. वाडवडिलांनी अनुभवाने जे नियम घालून दिले ते आम्ही पाळतो, कारण आम्हांस भीती आहे: वादळाची, भुकेची, आजाराची, मेलेल्यांची, आणि मारलेल्या प्राण्यांच्या जीवांची. विश्वासापेक्षा भयच आमच्यापाशी अधिक आहे, असे त्यांनी निष्कपटपणे कबूल केले.

वाचकहो, ईयोबाचे पुस्तक ज्याने वाचले आहे त्यास हा प्रश्न अनोळखी नाही. आम्हा पाळकांस अशा वेळी उत्तर देण्याची घाई होते. पाळकाच्या ह्या पुत्राने घाई केली नाही. त्यांनी ऐकलेले सर्व, आपल्या निरुत्तर होण्यासह, लिहून ठेवले. त्या वर्षांत ख्रिस्ती शिकवण त्या किनाऱ्यांवर पसरतच होती. इनुइट भाषेत छापलेली शुभवर्तमाने हातोहाती फिरत होती. आणखी वीस वर्षे उशीर झाला असता तर औआ ह्यांच्यासारखा मनुष्य त्यांना भेटला नसता, आणि त्या लोकांची नातवंडे आपले आजोबा कशाला भीत होते हे कधी जाणती ना.

रासमुसेन ह्यांनी रानटी जीवनाचे केवळ गोड चित्र काढले असे मात्र कोणी समजू नये. कॅरिबू हरणांवर जगणाऱ्या जमातीत त्यांना इग्युगार्युक भेटला. तरुणपणी गुरूने त्यास भर हिवाळ्यात एका एवढ्याशा बर्फाच्या झोपडीत एकटे तीस दिवस उपाशी ठेवले होते. खरे ज्ञान माणसांपासून दूर, एकांतात व दुःखातच सापडते, असे तो मानी. आणि ह्याच ज्ञानी मनुष्याने बायको मिळविण्यासाठी तिच्या घरची सात-आठ माणसे गोळ्या घालून मारली होती! दोन्ही गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत.

मार्च १९२३ मध्ये ते दोघा थूलवासी सोबत्यांसह पश्चिमेकडे निघाले आणि नेट्सिलिक लोकांत राहिले. तेथे सील मारला की त्याचे ठरलेले भाग ठरलेल्या भागीदारांस जात. कोणाचा भाग कोणता हे मुलगा लहान असतानाच ठरलेले असे, आणि त्यामुळे एकाच्या घरी शिकार आली तर अनेक घरी चूल पेटे. परंतु त्याच लोकांत नवजात मुली मारण्याचा प्रघात होता. रासमुसेन ह्यांनी मालेरुआलिक येथे घरोघर आयांना विचारून गणती केली. अठरा स्त्रियांना शहाण्णव मुले झाली होती, आणि त्यांपैकी अडतीस मुली जन्मताच मारल्या होत्या. आयांनी हे लपविले नाही. आई मुलाला कित्येक वर्षे अंगावर पाजते, मुलगी वाढवावी तर पुढे ती दुसऱ्याच्या घरी जाणार, आणि म्हातारपणी पोसणारा मुलगा हवा, अशी त्यांची समजूत. जिची मागणी आधीच झालेली असे ती मुलगी वाचे. मुली कमी झाल्याने बायकांवरून खून होत, आणि जमातच खुंटत चालली होती. प्रेम त्यांच्या ठायी नव्हते असे नाही. ज्या मुलांना ते वाढवीत त्यांच्यावर कधी हात उगारीत नसत. भुकेने त्यांस ह्या ठिकाणी आणून सोडले होते. कारण समजले म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाही. पण कारण न समजता ते थांबविताही येत नाही.

ह्याच लोकांत लहान मुलांच्या अंगावर ताईत पुष्कळ. तेर्ताक नावाच्या सात वर्षांच्या एका मुलाच्या पट्ट्यावर ऐंशी होते, त्यामुळे त्यास नीट खेळताही येत नसे. रासमुसेन ह्यांना संग्रहासाठी ताईत हवे होते. लोक भ्याले. तेव्हा त्यांनी समजूत घातली की, ताईत विकला तरी त्याची शक्ती मूळ धन्यापाशीच राहते. लोकांनी ते मानले, आणि मोबदल्यात ह्या थोर पाहुण्याच्या केसांच्या बटा ताईत करण्यासाठी मागितल्या, त्याही त्यांना द्याव्या लागल्या. ही युक्ती मला रुचली नाही. इतके दिवस आदराने ऐकणारा मनुष्य येथे गिऱ्हाइकाची भाषा बोलला.

ओर्पिंगालिक नावाचे एक गाणारे गृहस्थ त्यांना येथेच भेटले. ते आपल्या गाण्यांस आपला श्वास मानीत, कारण श्वासाइतकेच गाणे त्यांना जगण्यास लागे. पश्चिम ग्रीनलंडात मुका झालेला डफ येथे अजून घरोघर वाजत होता.

१९२४ च्या उन्हाळ्यात ही तीन माणसे अलास्कातील नोम बंदरी पोहोचली. पलीकडे सैबेरियातही इनुइटांचे आप्त राहतात म्हणून रासमुसेन समुद्र ओलांडून गेले, पण रशियन अधिकाऱ्यांनी परवान्याअभावी लगेच परत पाठविले. मोहिमेने आणलेल्या हजारो वस्तू कोपनहेगनच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात आहेत, आणि लिहून आणलेल्या गोष्टी दहा खंडांत छापल्या गेल्या.

नंतरच्या काळात थूलच्या लोकांसाठी त्यांनी शिकाऱ्यांची पंचायत बसविली आणि १९२९ मध्ये लिखित नियम करून दिले. सातव्या मोहिमेत, १९३३ साली, ते ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आंगमाग्सालिक येथे बोलपटाचे काम करीत होते. त्या किनाऱ्यावर सुवार्ता उशिरा पोहोचल्याने डफाच्या गाण्यातून भांडण मिटविणे म्हाताऱ्यांस अजून आठवत होते, आणि त्या चित्रपटात ते दाखविले आहे. तेथे जुन्या रीतीने मुरविलेले मांस खाण्यात येऊन ते आजारी पडले. त्यावर इन्फ्लुएन्झा व फुप्फुसाचा दाह झाला. त्यांना डेन्मार्कास नेले, पण २१ डिसेंबर १९३३ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. पन्नास वर्षे लोकांच्या पंक्तीस बसून जे पुढे आले ते खाल्ले, आणि शेवटही तशाच पंक्तीतून आला.

थूलच्या लोकांस १९५३ साली अमेरिकन विमानतळासाठी थोड्या दिवसांच्या अवधीत घरे सोडून आणखी उत्तरेस जावे लागले. १९७९ मध्ये ग्रीनलंडास स्वराज्य मिळाले, आणि १९९९ मध्ये कॅनडातील इनुइटांचा नूनावुत हा स्वतंत्र प्रदेश झाला. औआ व ओर्पिंगालिक ह्यांचे प्रदेश त्यातच येतात. २०२१ साली ग्रीनलंडच्या डफाच्या नृत्यास व गाण्यास युनेस्कोने मानवजातीच्या ठेव्यांच्या यादीत घेतले. इलुलिसात येथे ज्या पाळकगृहात क्नूद जन्मला, ते घर अजून उभे आहे.